हसऱ्या पक्ष्याचा सातबारा

आमच्या घरात ‘कुकाबुरा’ हा शब्द आला तो चेंडूच्या रूपाने. ऑस्ट्रेलियातली कसोटी असली की आमचे हे पहाटे पाचला टीव्हीसमोर बसायचे. चहा टाकता टाकता माझ्या कानावर यायचं, की कुकाबुराची शिवण लवकर बसते, तीस षटकं झाली की गोलंदाजांचे हाल. आमच्याकडे एसजीचा चेंडू, इंग्लंडात ड्यूक्स, तिकडे कुकाबुरा. माझं ज्ञान तिथेच थांबलं होतं. मेलबर्नच्या ए. जी. थॉम्पसन यांनी १८९० मध्ये काढलेल्या कारखान्याच्या मालाला त्यांच्या पाळलेल्या कुकाबुऱ्यावरून हे नाव मिळालं, हे मला कळलं ते चिपळुणात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर. तेही लेकीच्या बाळंतपणाला कॅनबेराला जायची वेळ आली म्हणून.

बाळंतपणाला निघालेल्या आईच्या सामानात दीड किलोची लेन्स कशाला, असा प्रश्न घरात सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने विचारला. सासूबाईंनी तर उघडच विचारला. गेली आठ-दहा वर्षं मी वाशिष्ठीच्या काठाने पक्ष्यांचे फोटो काढत फिरते. खंड्या, कवड्या, बगळे, कधीमधी नशिबाने धनेश. शंभर-चारशेची ती लेन्स माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून आलेली आहे. ती मी हातातल्या पिशवीत घेतली आणि लेकीच्या शिदोरीचे दोन डबे कमी केले. हे तिला अजून सांगितलेलं नाही. आता या लेखातून कळेल.

ऑगस्टअखेरीस कॅनबेरात हिवाळा संपत आलेला असतो, म्हणजे पहाटे गवतावर दंव गोठलेलं असतं. माउंट एन्सली हा गावातलाच डोंगर, उंची ८४३ मीटर. त्याच्या पायथ्याच्या वस्तीत लेकीचं घर. परसदारी कुंपण, कुंपणापलीकडे राखीव रान, रानात संध्याकाळी कांगारू चरायला येतात, आपल्याकडे देवळामागे म्हशी येतात तसे. पहिल्याच पहाटे, अजून उजाडायचं होतं तेव्हा, कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. मग खालच्या पट्टीत ‘ऊ-ऊ-ऊ’. मग हुंदका की खिदळणं ते ठरेना, आणि मग एकदम चार-पाच जण पोट धरून हसत सुटले. कीर्तनात बुवांची जीभ घसरावी आणि मागे बसलेल्या पोरांना हसू आवरू नये, तसं. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. मग डोंगराच्या उतारावरून, लांबून, दुसऱ्या टोळीचं हसणं आलं.

मी अंथरुणात उठून बसले, कारण हा आवाज मी आधी ऐकला होता. शाळेत असताना आम्हाला टारझनचा सिनेमा दाखवला होता. त्यात आफ्रिकेचं घनदाट जंगल पडद्यावर आलं, की पार्श्वभूमीला हेच हसणं. हॉलिवूडवाल्यांनी ऑस्ट्रेलियातला हा आवाज उचलला आणि १९३० च्या दशकापासून जगातल्या वाटेल त्या जंगलात भरला. आफ्रिकेत कुकाबुरा औषधालाही नाही. आम्ही पोरं मात्र ते माकडं हसतायत असं समजून खूश होतो.

फोटोला हा पक्षी सोपा. निदान तसं वाटतं. तो खंड्याच्याच कुळातला, आणि त्या कुळातला सर्वांत वजनदार. आपला खंड्या वीतभर-सव्वावीत. हा पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत लांब, वजन साडेचारशे ग्रॅमपर्यंत. कुळ मासेमाराचं, पण याला पाण्याचं सोयरसुतक नाही. नदीपासून कोसभर लांब, कोरड्या निलगिरीच्या फांदीवर बसून तो जमिनीकडे बघत राहतो. किडे, गांडुळं, सरडे, उंदीर, लहान साप. बसतो तो बसतोच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाशिष्ठीवरच्या खंड्यामागे पळून मी दमलेली. इथे पक्षी स्वतःहून वीस फुटांवर आडव्या फांदीवर बसून माझ्याकडे एका बाजूने बघतोय. दोन दिवसांत सहाशे फोटो काढले. संगणकावर लावून बघितले तर सहाशेच्या सहाशे सारखेच वाईट.

कारण त्या पक्ष्याच्या तोंडावळ्यातच आहे. डोकं मळकट पांढरं, पाठ गडद तपकिरी, आणि डोळ्यावरून मागे गेलेला काळपट पट्टा. डोळाही तपकिरी. पाठीकडे बघून उजेड ठरवला की डोकं चुन्यासारखं पांढरंफटक होतं, पिसाचा कण दिसत नाही. डोक्याकडे बघून ठरवला की डोळा त्या पट्ट्यात बुडून जातो आणि पक्ष्याला डोळाच नाही असं वाटतं. ज्या फोटोत डोळा नाही तो पक्ष्याचा फोटो नव्हे, पिसांच्या गाठोड्याचा. शेवटी मी एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवायला लागले, म्हणजे डोकं वाचतं. आणि सूर्य माझ्या पाठीशी, जमिनीपासून हातभर वर असेल तेवढाच वेळ काम करायचं, म्हणजे डोळ्यात एक ठिणगी पडते. म्हणजे सकाळची चाळीस मिनिटं. बाकी दिवस बाळंतिणीचा.

सगळ्यांना हवा असतो तो फोटो एकच: चोच वासून, मान मागे टाकून हसणारा कुकाबुरा. मलाही तोच हवा होता. त्याची खूण आठवड्याभरात कळली. आधी चोच मिटलेलीच असते आणि गळ्याखालची पिसं थरथरायला लागतात. तेव्हाच तो खालचा ‘ऊ-ऊ’ चाललेला असतो. मग शेपटी उभी होते. शेपटी उठली की दोन सेकंदांत चोच आभाळाकडे. शेपटी दिसली की बोट दाबायचं, हसू ऐकून दाबलं तर उशीर झालेला असतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो फोटो मिळाला. मागे गुलाबी आभाळ, चोचीतली जीभसुद्धा स्पष्ट. जावयांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले, चिपळूणच्या मामींनी लिहिलं, “किती आनंदी पक्षी आहे!”

आणि मला तो फोटो दुसऱ्याच दिवशी कंटाळवाणा वाटायला लागला. कॅलेंडरवर असतो तसा. नेमकं काय चुकलं ते मात्र ध्यानात येईना.

ते कळलं ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशी असलेल्या नॅशनल बोटॅनिक गार्डन्समध्ये. तिथे स्वयंसेवक लोकांना झाडं दाखवत फिरवतात. आमच्या घोळक्याला मिळालेल्या सत्तरीच्या बाई शिक्षिका होत्या, त्यामुळे आमचं जमलं. मी मोबाइलवर माझा फोटो दाखवला. त्यांनी कौतुक केलं आणि म्हणाल्या, “छान आहे. पण तो हसत नाहीये. तो शेजाऱ्याला सांगतोय, की हे झाड आमचं.”

कुकाबुऱ्याचं कुटुंब वर्षभर एकाच तुकड्यावर राहतं आणि तो तुकडा राखतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्या घराने मिळून ओरडायचं: आम्ही आहोत, इतके आहोत, आणि इथपर्यंत आहोत. शेजारचं कुटुंब ऐकून घेतं आणि आपलं उत्तर देतं. कधी हद्दीवर दोन्ही घरं समोरासमोरच्या झाडांवर बसतात. मग एकेक जण उडून हद्दीपर्यंत जाऊन परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. मारामारी सहसा होत नाही. ओरडूनच भागतं. कोकणात जन्म गेलेल्या बाईला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. हसणं कसलं, हे तर रोज पहाटे सातबारा वाचून दाखवणं. बांधावर उभं राहून, शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

त्यानंतर मी फोटो काढायची पद्धत बदलली. दिसेल तो पक्षी टिपायचा सोडून एकाच घरामागे लागले. परसाच्या कुंपणापासून दीडशे पावलांवर एक जुनी निलगिरी होती, बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि जमिनीपासून तीसेक फुटांवर तुटलेल्या फांदीच्या जागी ढोली. त्या ढोलीभोवतीचे चार पक्षी हे माझं घराणं. चार जण ओळखायला मला तीन आठवडे लागले. नराच्या कमरेवर, पंख मिटले की शेपटीच्या मुळाशी, निळी झाक असते. मादीची कंबर बहुधा तपकिरीच. त्यामुळे आता मला पक्ष्याचा चेहरा नको होता, पाठ हवी होती! जावयांना वाटलं फोटो बिघडले. मादीच्या वरच्या चोचीचा एक टवका उडाला होता, म्हणून ती पटकन कळायची. नर एक, थोरला मदतनीस एक, आणि एक धाकटी, जी सगळ्यांच्या शेवटी हसायला लागायची आणि सगळे थांबल्यावर थांबायची.

मदतनीस हा शब्द माझा नाही, शास्त्राचा आहे. कुकाबुऱ्याची जोडी जन्माची. पोरं मोठी झाली की लगेच वेगळी होत नाहीत. काही वर्षं आईबापाजवळ राहतात, पुढच्या खेपेची अंडी उबवतात, पिलांना भरवतात, हद्दीवर ओरडायला उभी राहतात. आपल्याकडचे सातभाई असंच करतात, म्हणून तर त्यांना ते नाव. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत सारा लेग यांनी नव्वदच्या दशकात या पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास केला. ‘कुकाबुरा: किंग ऑफ द बुश’ हे त्यांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिलांची जनुकं तपासली. पक्ष्यांच्या संसारात वरवर एकनिष्ठ दिसणाऱ्या जोड्यांची पिलं तपासली की बहुतेक वेळा भानगड निघते. इथे जवळजवळ निघालीच नाही. पिलं त्या जोडीचीच.

नावाची गोष्ट इथेच सांगते, कारण तिचा एक धागा आमच्या सह्याद्रीतून जातो. कुकाबुरा हे विराडजुरी लोकांच्या भाषेतल्या ‘गुगुबर्रा’वरून आलं, म्हणून बघा, पक्षी आपलं नाव स्वतःच सांगतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी त्याला ‘हसरं गाढव’ म्हटलं. शास्त्रीय नाव मात्र ‘डॅसेलो नोव्हेगिनी’, म्हणजे न्यू गिनीचा. हा पक्षी न्यू गिनीत नाहीच. घोटाळा केला पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने. १७७६ च्या प्रवासवर्णनात त्याने हा पक्षी आपण न्यू गिनीत पाहिल्याचं लिहिलं. साहेब न्यू गिनीला कधी गेलेच नव्हते; कॅप्टन कुकच्या सफरीतल्या लोकांकडून मिळालेल्या मेलेल्या नमुन्यावर सगळा डौल. १७८३ मध्ये योहान हर्मान यांनी त्यावर विसंबून नाव ठेवलं, आणि नाव ठेवण्याचे नियम असे, की पहिलं ते कायम. पुढे १८१५ मध्ये लीच नावाच्या इंग्रजाने या गटाला वेगळं काढलं आणि खंड्याच्या लॅटिन ‘अल्सेडो’ नावातली अक्षरं उलटसुलट करून ‘डॅसेलो’ बनवलं. हा सोनेरा भारतातही येऊन गेला. आमच्या परशुरामाच्या घाटात पहाटे आरवतो त्या राखी रानकोंबड्याचं शास्त्रीय नाव ‘गॅलस सोनेराटी’, याच गृहस्थाच्या नावावरून. जिथे गेला तिथे त्याचं नाव राहिलं, आणि जिथे गेला नाही त्या जागेचं नाव त्याने दुसऱ्याला चिकटवलं.

सप्टेंबरच्या मध्याला नात झाली. त्यानंतर काही दिवसांनी टवक्याची मादी ढोलीत बसायला लागली. अंडी बहुधा तीन असतात, उबवायला चोवीस ते सव्वीस दिवस. चौघंही पाळीपाळीने आत जायचे. घरात आम्हीही चौघं होतो: लेक, जावई, त्यांच्या आई आणि मी. पहाटेची पाळी माझ्याकडे, कारण मी तशीही उठायचेच. नातीला खांद्यावर टाकून खिडकीत उभी राहायचे आणि बाहेर पाळी बदलताना बघायचे. आतला पक्षी बाहेर येतो, फांदीवर बसून अंग फुलवतो, एकदा शिटतो आणि उडून जातो, बाहेरचा आत. एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. आम्हा विहिणींचंही तेव्हा साधारण तसंच चाललं होतं.

वस्तीतल्या बागेत सकाळी दहाला बाबागाड्या ढकलणाऱ्या आज्या जमतात. नाशिकच्या एक, साताऱ्याच्या एक, दोघी हैदराबादच्या, एक लुधियान्याच्या. बहुतेक सगळ्या पाहुण्यांच्या व्हिसावर. कुणाचं पहिलं नातवंड, कुणाची तिसरी फेरी. कुकाबुऱ्याच्या घरात थोरली भावंडं राबतात; आमच्यात पोरं दहा हजार किलोमीटर लांब जाऊन अंडी घालतात आणि मग म्हातारे पक्षी विमानाने उबवायला येतात. हे मी साताऱ्याच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “उबवणं परवडलं हो. मला परत जाताना रडू येतं त्याचं काय करायचं?” मग आम्ही दोघी बराच वेळ बदकं बघत बसलो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासाने पुढे करतात. आम्ही केली. पक्ष्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी रानात राहणारे गोरे लोक याला बिनघड्याळाच्या माणसाचं घड्याळ म्हणत. तर ते घड्याळ आता भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तासाने मागे पडलं. नात मात्र कुकाबुऱ्याच्याच वेळेवर रडत राहिली.

दिवाळीच्या आसपासच्या रविवारी मराठी मंडळींनी तळ्याकाठच्या बागेत फराळाचा घाट घातला. ऑस्ट्रेलियात बागेबागेत सार्वजनिक विजेच्या शेगड्या असतात, बटण दाबा आणि भाजा. आमच्या शेजारच्या शेगडीवर कुणीतरी सॉसेज भाजत होतं. सॉसेज चिमट्यात उचललं, आणि चिमटा रिकामा. मागून, पंखाचा आवाज न करता, खांद्यावरून. समोरच्या फांदीवर बसून त्याने ते सॉसेज आडवं धरलं आणि डाव्या-उजव्या बाजूला फांदीवर सपासप आपटलं, धोबी धोतर आपटतो तसं. साप असो की सॉसेज, खायच्या आधी मारणं हा नियम. सापाची हाडं त्याने मोडतात, सॉसेजची मोडण्यासारखी काही नसतात. मग डोकं वर करून गिळलं. दहा मिनिटांनी दुसरा आला आणि आमच्या ताटातली चकली घेऊन गेला. तिलाही आपटली. चकली भाजणीची, खुसखुशीत. पहिल्याच फटक्याला तिचे चार तुकडे होऊन खाली पडले. तो चोचीत उरलेल्या काट्याकडे बघत राहिला. करणाऱ्या बाईंना याहून मोठी पावती कुठे मिळणार? या दोन्हींचे फोटो माझ्याकडे नाहीत. माझ्या एका हातात नात होती आणि दुसऱ्यात लाडू.

आपटण्याचा फोटो पुढे मिळाला, सरडा घेऊन बसलेल्या थोरल्याचा. त्यात मला एक गंमत कळली. शटर दोन हजारांश सेकंदावर ठेवलं तर सरडा हवेत गोठतो, सगळं स्पष्ट, पण त्यात जोर नाही. साठांशावर ठेवलं तर सरड्याची नुसती राखाडी कमान दिसते. अशा फोटोत पक्ष्याचं डोकंही हलेल असं मला वाटलं होतं. पण आपटण्याच्या आधी, भक्ष्य हेरताना, तो डोकं असं रोवून ठेवतो की वाऱ्याने फांदी झुलते, अंग झुलतं, आणि डोकं हवेत खिळा मारल्यासारखं जागच्या जागी. डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून मानेने सगळं काम. त्या झुलत्या फांदीचा पंधरांश सेकंदाचा फोटो हा माझा सगळ्यांत आवडता: पानं पुसलेली, शेपूट पुसलेली, आणि डोळा अगदी स्वच्छ.

ऑक्टोबरच्या शेवटी चोचीतून आत काही ना काही जायला लागलं, म्हणजे पिलं निघाली होती. ढोलीपासून मी साठ पावलं लांब एक पडकं खोड धरून बसायचे. त्याहून जवळ जायचं नाही, फ्लॅश नाही, मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून बोलवायचं नाही. हद्दीचं भांडण ज्याच्या पोटापाण्याचं आहे त्याला खोटा शेजारी ऐकवणं म्हणजे छळच. शेजारचे एक आजोबा रोज खिडकीतून खिमा टाकायचे, त्यांना मी हेच सांगायचा प्रयत्न केला. नुसत्या खिम्यात हाडं नसतात, कॅल्शियम नसतं. वाढत्या पिलांना ते घातक. ते म्हणाले, माझी बायको टाकायची. त्यावर मी काही बोलले नाही.

पिलांबद्दल मी रात्री, दुधाच्या बाटल्या उकळताना वाचत होते. लेग यांचे निबंध त्याच सुमारास हाती आले. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे तिसरं पिलू पहिल्यापेक्षा दिवस-दोन दिवसांनी लहान. आणि पिलाच्या वरच्या चोचीला टोकाशी एक खाली वळलेला आकडा असतो. पिसं नाहीत, डोळे उघडलेले नाहीत, पण आकडा आहे. अन्न कमी पडलं, किंवा अंतर फार असलं, की थोरली दोन तिसऱ्याला मानेला धरून झोडपतात. बऱ्याच घरट्यांत ते पहिल्या काही दिवसांत मरतं. पिलू ढोलीबाहेर पडेपर्यंत तो आकडा झिजून गेलेला असतो. नंतर तीच भावंडं एका फांदीवर खांद्याला खांदा लावून झोपतात आणि पुढच्या वर्षी धाकट्यांना भरवतात. वर्गात मी सजीवांची स्पर्धा पंचवीस वेळा तरी शिकवली असेन. त्या रात्री मी बाटल्यांचा गॅस बंद केला आणि पाळण्यापाशी जाऊन उभी राहिले. लेकीने विचारलं, काय वाचत होतीस? म्हटलं, पक्ष्यांचं.

ढोली ही खरी मालमत्ता. अशी ढोली पडायला निलगिरीला शंभराहून जास्त वर्षं लागतात. हे ऐकलं तेव्हा मी हसले, कारण निलगिरी म्हणजे आमच्याकडे सामाजिक वनीकरणाच्या रांगा, दहा-बारा वर्षांत तोड. शंभर वर्षांची निलगिरी मी आयुष्यात पाहिलीच नव्हती. ऑस्ट्रेलियातही म्हाताऱ्या झाडांची संख्या घटते आहे. शेतीत गेली, रस्त्यात गेली, वणव्यात गेली. न्यू साउथ वेल्सने २००७ मध्ये ढोल्यांच्या झाडांचा नाश हा वन्यजीवांना मोठा धोका म्हणून अधिकृतपणे नोंदवला. कॅनबेराच्या पश्चिमेला मोलाँग्लो खोऱ्यात मेलेले जुने वृक्ष क्रेनने उचलून आणून उघड्या माळावर उभे रोवलेत, पक्ष्यांना बसायला तरी. मी मुद्दाम बघायला गेले. खांब उभे करावेत तशी ती मढी उभी होती, आणि एकावर खरोखरच एक कुकाबुरा बसला होता. बर्डलाइफ ऑस्ट्रेलियाच्या २०१५ च्या अहवालात देशाच्या पूर्व आणि आग्नेय भागांत कुकाबुरे कमी होत असल्याचं दिसलं, तेव्हा लोकांना खरं वाटेना. रोज ऐकू येणारी गोष्ट कमी होत असेल असं कुणाला वाटतं? शिवाय दुसरीकडे, पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९७ पासून आणि नंतर टास्मानियात, माणसांनी स्वतः नेऊन सोडलेले कुकाबुरे तिथल्या सरड्यांना आणि लहान पक्ष्यांच्या पिलांना जड झालेत.

आणि ढोल्यांवर डोळा असलेल्यांत आपलीही एक आहे. साळुंकी. १८६२ मध्ये मेलबर्नला किडे खायला म्हणून आणली, १९६८ मध्ये कॅनबेरात आली. तिकडे तिचं नावच ‘इंडियन मैना’. २०१२ मध्ये युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कॅनबेराच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर साळुंकी जिथे स्थिरावली तिथे ढोलीत राहणारे तीन पक्षी घटलेले दिसले. त्यातला एक कुकाबुरा. गावातले लोक पिंजरे लावून साळुंक्या पकडतात. मी परदेशात साळुंकी बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखी हरखले होते, फोटोही काढला होता. शेजारणीने तो बघितला आणि अतिशय सौम्य आवाजात विचारलं, “ही नेमकी कुठे दिसली तुम्हाला?” मी जागा सांगितली. सांगायला नको होती की हवी होती, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ढोलीच्या तोंडाशी चेहरे दिसले. दोन. मी चार दिवस तिसऱ्याची वाट पाहिली. चोची आखूड, काळ्या, पिसं फुगलेली. एकाने फांदीवर उतरताना तोल घालवला आणि पंखाने मिठी मारून लोंबकळत राहिला. त्याचे फोटो चांगले आले. पुढचे कित्येक आठवडे चौघंही त्यांना भरवत होते. संध्याकाळी सहाही जण एका फांदीवर दाटीवाटीने बसायचे, आणि वाचन सुरू व्हायचं.

पिलांना ते जन्मतः येत नाही, शिकावं लागतं. भाता फाटलेल्या पेटीसारखा आवाज. मोठे सुरू झाले की ती मान मागे टाकायची, शेपटी उभी करायची, सगळा आव बरोबर, आणि चोचीतून नुसता खर्र. एकदा सगळे थांबल्यावर एकट्याचंच चालू राहिलं, तेव्हा पलीकडच्या घराने त्याला उत्तरही दिलं नाही. जानेवारीच्या शेवटी मी निघाले तोवर त्यातल्या एकाला ‘ऊ-ऊ’ जमायला लागलं होतं. पुढचं नव्हतं.

आता व्हिडिओ कॉल असतो, बहुतेक दुपारी. हिवाळ्यात कॅनबेरात दिवस मावळतो तेव्हा चिपळुणात साडेबारा वाजलेले असतात. नात पडद्यावर येते, हात मारते, काहीतरी बडबडते. परवा मागे सुरू झालं. मी लेकीला म्हटलं, फोन जरा खिडकीबाहेर धर. डोळे मिटून मोजायला लागले. टवक्याची जाडसर आवाजाची, नर, थोरला, शेवटपर्यंत थांबणारी धाकटी, आणि एक नवा, सुरात. म्हणजे पाच.

“अजून थोडा वेळ धर,” म्हटलं, “सहावा नंतर लागतो.”

“आई,” लेक म्हणाली, “हात दुखतोय माझा.”

“धर गं.”

तिने धरला.